भाड्याच्या घराला कोणता रंग द्यायचा? सोलापुरातल्या भाडेकरूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी मी हे का लिहितेय ते सांगते. माझे वडील पेंटर, लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्यासोबत साइटवर जायचे, घोडी धरायची, काचपेपर मारायचा, डबे धुवायचे. लग्नानंतर सोलापुरातच अकरा वर्षांत पाच भाड्याची घरं झाली, बाळीवेशीतल्या माळवदाच्या वाड्यापासून जुळे सोलापुरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेपर्यंत. त्यामुळे घर बदलायचं म्हटलं की मैत्रिणी, नणंदा, ऑफिसातले लोक मला फोन करतात आणि प्रश्न जवळपास तेच असतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढलंय. वडील एक गोष्ट कायम सांगायचे आणि ती खाली परत परत येणार आहे: शेड कार्ड नंतर बघा, आधी घरातलं ऊन बघा.

घरमालक रंग बदलू देतात का? विचारायचं कसं?

बरेच जण देतात, फक्त विचारायची वेळ चुकते आपली. सामान लागलं, गॅस जोडला, आणि मग चार महिन्यांनी आपण म्हणतो काका रंग बदलू का. खरी वेळ म्हणजे घर बघायला जातो तेव्हा. जुना भाडेकरू गेला की मालक बहुतेक वेळा एक हात मारूनच घर देतात, म्हणजे पेंटर येणारच असतो, मजुरी जाणारच असते. तेव्हाच म्हणायचं, "काका तुम्ही रंग देणारच आहात तर हा शेड द्याल का?" फिकट शेडमध्ये मालकाचा खर्च जवळपास तेवढाच राहतो, त्यामुळे नाही म्हणायला फारसं कारण उरत नाही.

घर आधीच रंगवलेलं असेल तर "सामान माझं, मजुरी तुमची" असा प्रस्ताव ठेवून बघा, दोन ठिकाणी माझं असं जमलंय.

आणि लेखी घ्या. हे मी खूप कळकळीने सांगतेय. "चालतंय की, करा" असं मालक अगदी मनापासून म्हणतात, पण अकरा महिन्यांनी ते लक्षात राहत नाही, किंवा तोपर्यंत व्यवहार मुलाच्या हातात गेलेला असतो. विजापूर रोडच्या घरात हॉलची एक भिंत आम्ही तोंडी परवानगीवर मोरपंखी केली आणि निघताना डिपॉझिटमधून अख्ख्या घराच्या रंगाचे पैसे कापले गेले. दाखवायला आमच्याकडे काहीच नव्हतं. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि रजिस्टर केलेला असावाच लागतो, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ तेच सांगतं, आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची असते. मग करार होतोच आहे तर त्यात एक ओळ घालून घ्या की भाडेकरूने मालकाच्या संमतीने फिकट रंग दिला तर घर सोडताना रंगाचे पैसे कापले जाणार नाहीत. करार आधीच झाला असेल तर शेड नंबरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून त्यावर "ओके" घ्या आणि तो मेसेज जपून ठेवा.

एक-दीड वर्षच राहायचं असेल तर खर्च करावा का?

अख्ख्या घरावर नको. जिथे दिवसातला सगळ्यात जास्त वेळ जातो ती एक खोली करा आणि बाकी सोडून द्या. बदलीची नोकरी असेल, पुढची ऑर्डर कधीही येईल अशी परिस्थिती असेल तर मी भिंतीला हातही लावणार नाही, पडदे आणि चादरींवर भागवेन, त्याबद्दल खाली लिहिलंय.

रंग निवडायला सुरुवात कुठून करायची?

खोलीत खुर्ची टाकून बसा. खरंच सांगतेय. एखादा रविवार काढा आणि सकाळी नऊ, दुपारी तीन आणि दिवे लागल्यावर, तिन्ही वेळा प्रत्येक खोलीत दहा मिनिटं बसून उजेड कुठून येतो, कुठल्या भिंतीवर पडतो, आणि त्याला पिवळी झाक आहे की निळसर ते बघा.

सोलापूरचं ऊन साधं नाही. मेमध्ये पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो आणि दिवसभर लख्ख प्रकाश असतो, ढग फार कमी. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी सूर्य आपल्या बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावली म्हणतात ती, आणि मग ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो दुपारी थोडा उत्तरेकडून जातो. म्हणजे जी उत्तरेची खिडकी वर्षभर शांत असते तिच्यातही त्या दिवसांत थोडं ऊन येतं. थंडीत उलटं, सूर्य दक्षिणेकडे झुकतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार पलंगापर्यंत पोचतं.

पूर्वेच्या खोलीत सकाळी उबदार उजेड असतो आणि दुपारनंतर ती मवाळ होते, तिथे जवळपास काहीही चालतं, फिकट पिस्ता, आकाशी, मोतिया. उत्तरेच्या खोलीत वर्षातला बराच काळ थेट ऊन नसतं, उजेड एकसारखा पण निळसर येतो, तिथे आकाशी किंवा राखाडी दिला की खोली उदास दिसते, तिथे बदामी, फिकट अबोली किंवा लोण्यासारखा पिवळा द्या. दक्षिणेची खोली भरपूर उजेडाची, तिथे थोडा गडद शेडही पेलतो. खरा प्रश्न पश्चिमेचा, त्याला वेगळं उत्तर लागतं.

पश्चिमेची खोली संध्याकाळी भट्टी होते. कोणता रंग दिला तर थंड राहील?

आतल्या रंगाने खोलीचं तापमान फारसं उतरत नाही. हे आधीच सांगते कारण या आशेवर लोक निळा रंग देतात आणि मग नाराज होतात. उष्णता येते ती बाहेरून तापलेल्या भिंतीतून, खिडकीच्या काचेतून, आणि वरचा मजला असेल तर स्लॅबमधून. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरा-बारापर्यंत ती ऊब खाली सोडत राहतो, म्हणून तर वरच्या मजल्यावरचे लोक उन्हाळ्यात गच्चीवर झोपतात. मालकांना पटवायचंच असेल तर गच्चीवर पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा कोट मारायला पटवा, त्याने खरंच फरक पडतो, कारण पांढरा पृष्ठभाग बरंचसं ऊन परत फेकतो. आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून काहीतरी लावा, वाळ्याचा पडदा, बांबूची चटई, हिरवी जाळी. ऊन काचेच्या बाहेर अडवलं तर जास्त उपयोग, आतला पडदा तापतो आणि ती ऊब खोलीतच राहते.

मग रंगाचा काही उपयोग नाही का? आहे, डोळ्यांना आहे. संध्याकाळी उतरतं पश्चिमेचं ऊन स्वतःच केशरी असतं, त्यात भिंत पीच किंवा अबोली असेल तर खोली पेटल्यासारखी दिसते. आसरा चौकाजवळच्या घरात बेडरूमला मी हौसेने पीच दिला, थंडीत फार सुंदर दिसायचा, आणि एप्रिल लागला तसं संध्याकाळी त्या खोलीत बसवेना. पंखा तोच, खोली तीच, पण डोळ्यांना चटका बसायचा. पुढच्या वर्षी तिथेच अगदी फिकट राखाडी-हिरवा दिला, सुकलेल्या कडुलिंबाच्या पाल्यासारखा, आणि तीच खोली संध्याकाळी बसण्यासारखी झाली. थर्मामीटर लावला असता तर आकडा तोच दिसला असता बहुतेक, पण घरात माणसं राहतात आणि माणसाला डोळे असतात.

शेड कार्डवर छान दिसतो आणि भिंतीवर भडक होतो, असं का?

कारण कार्डावरचा तुकडा दोन बोटांएवढा असतो आणि त्याच्या भोवती पांढरा कागद असतो. खोलीत तोच रंग चार भिंतींवर येतो, आणि एका भिंतीवरचा उजेड समोरच्या भिंतीवर जाऊन परत येतो, प्रत्येक वेळी रंग अजून चढतो. म्हणून जो आवडला त्याच्या वरचा, एक पायरी फिकट शेड घ्या. वडील तर दोन पायऱ्या वर जायचे.

दुसरं म्हणजे ओला रंग बघून पेंटरशी भांडू नका. इमल्शन, म्हणजे आपण प्लास्टिक पेंट म्हणतो ते, ओलं असताना दुधाळ दिसतं आणि वाळल्यावर थोडं गडद होतं, डिस्टेंपरचं, म्हणजे स्वस्तातल्या भुकटी सुटणाऱ्या रंगाचं, उलटं, ते वाळल्यावर फिकट पडतं. दोन हात होऊन पूर्ण वाळेपर्यंत काही ठरवायचं नाही.

चाचणी कशी घ्यायची? भिंतीवर ठिगळं मारण्यापेक्षा मोठा कार्डशीट घ्या, त्यावर दोन कोट मारा, चारी बाजूंनी बोटभर पांढरी कड सोडा आणि तो कागद घेऊन घरभर फिरा. खिडकीजवळ, कोपऱ्यात, दाराआड, कपाटाशेजारी. भाड्याच्या घरात हे फार सोयीचं, कारण रंग नाही आवडला तरी भिंत जशी होती तशीच राहते. सगळ्यात छोटा डबा मिळतो तो घ्या, किंवा दुकानदार ओळखीचा असेल तर थोडा नमुना काढून देतो.

दिवसा रंग मस्त वाटतो पण रात्री मेल्यासारखा दिसतो. रंगाचा दोष का?

बहुतेक वेळा दिव्याचा. आपल्याकडे घरोघरी पांढरीफेक एलईडी ट्यूब असते, खोक्यावर ६५०० के लिहिलेलं दिसेल (के म्हणजे केल्विन, उजेड पिवळसर की निळसर ते सांगणारा आकडा), तिचा उजेड निळसर. तिच्याखाली पीच, बदामी, अबोली हे शेड निस्तेज होतात, मातकट दिसतात. २७०० किंवा ३००० के चा दिवा पिवळसर असतो, त्याच्याखाली हेच रंग खुलतात पण आकाशी आणि फिकट जांभळा मळका वाटतो. ४००० के ची ट्यूब मधली, मला भाड्याच्या घरासाठी तीच सगळ्यात बरी वाटते. दिवा बदलणं रंग बदलण्यापेक्षा फार स्वस्त आणि घर सोडताना तो काढून बरोबर नेता येतो, म्हणून मी आधी सगळ्यांना दिवाच बदलायला सांगते. निम्म्या जणांना मग रंग बदलायची गरजच वाटत नाही.

मालक म्हणतात पांढराच ठेवा. पांढरा सगळ्यात सेफ ना?

कुठला पांढरा त्यावर आहे. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर बाराबंदी घालून चालणारी माणसं बघितलीत ना, तो शुभ्र पांढरा संक्रांतीच्या कोवळ्या उन्हात डोळ्यांना सुख देतो. तोच पांढरा एप्रिलच्या दुपारी दक्षिणेच्या खोलीत चारी भिंतींवर असेल तर भगभगीत होतो, डोळे बारीक करून बसावं लागतं. शिवाय आपल्याकडची धूळ, आजूबाजूला काळी माती, उन्हाळ्यात वारा सुटला की खिडकीच्या चौकटीवर राखाडी थर बसतो आणि शुभ्र भिंत दोन महिन्यांत पंख्याच्या पात्यासारखी कळकट होते.

माझा आवडता पांढरा म्हणजे मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचा. एक मूठ ज्वारी तळहातावर घेऊन उन्हात बघा, पांढरी आहे पण थोडी पिवळसर, थोडी मोत्यासारखी चमक. मी खरंच रंगाच्या दुकानात पुडी घेऊन गेले होते आणि शेड कार्डाशेजारी ज्वारी ठेवून शेड काढला होता. पिवळसर झाक असलेला असा ऑफव्हाइट मालकालाही पांढराच वाटतो, उजेडही भरपूर परत देतो आणि धूळ लगेच डोळ्यात भरत नाही. उत्तरेच्या खोलीत तर तो शुभ्र पांढऱ्यापेक्षा कितीतरी चांगला.

फरशी शहाबादी आहे, काळपट. भिंतीला काय शोभेल?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि खरं तर सगळ्यांनी विचारायला पाहिजे, कारण भाड्याच्या घरात फरशी आपण बदलू शकत नाही, तिचा रंग पक्का धरूनच पुढे जायचं. शहाबादी आपल्याला जवळची, शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून येते, जुन्या सोलापुरात घराघरात आहे आणि उन्हाळ्यात पायाला गार लागते. तिचा राखाडी-निळसर रंग खोलीतला बराच उजेड गिळतो. वर परत राखाडी भिंत दिली तर गोडाऊन वाटतं. तिच्यावर उबदार शेड द्या, मालदांडी पांढरा, बदामी, हळदीच्या दुधाचा पिवळा, आणि मग बघा फरशी कशी उठून दिसते, तिला आपण कमी लेखतो उगाच.

नवीन फ्लॅटमध्ये क्रीम रंगाची व्हिट्रिफाइड टाइल असते, तिच्यावर क्रीमच भिंत दिली तर सगळं एकातएक मिसळून जातं, तिथे फिकट हिरवा किंवा आकाशीची झाक बरी.

जुन्या वाड्यात खोली घेतलीय, भिंतीला लोणा लागलाय, रंग टिकेल का?

नाही टिकणार. खालून ओल चढते, तिच्याबरोबर क्षार वर येतात, पाणी वाळलं की क्षार भिंतीवर पांढऱ्या पिठासारखे फुलतात आणि रंगाला आतून ढकलून पाडतात. त्यावर कितीही भारी प्लास्टिक पेंट मारला तरी पोपडे धरणारच, उलट प्लास्टिक पेंट ओल आत कोंडून ठेवतो. अशा भिंतीला चुनाच चांगला, तो भिंतीला श्वास घेऊ देतो, ओल बाहेर पडते आणि पुढच्या वर्षी थोड्या पैशात परत मारता येतो. चुन्यात चिमूटभर पिवळी माती किंवा गेरू घातला की सुंदर उबदार शेड येतो, बाळीवेशीच्या घरात आम्ही हेच केलं होतं. पाणी रोज येत नाही म्हणून पिंप, घागरी, टाक्या आपण भिंतीलगत भरून ठेवतो, तिथे शिंतोड्यांनी भिंत सतत ओली राहते. पिंप विटांवर ठेवा आणि भिंतीपासून वीतभर लांब.

भिंतीवर आधी काय मारलंय ते बघायची सोपी युक्ती, तळहात घासा. हाताला पांढरी भुकटी लागली तर चुना किंवा हलकं डिस्टेंपर. त्यावर थेट इमल्शन मारलं तर पापुद्रे सुटतात, आधी खरवडून, प्रायमर मारून मगच. जुन्या घराची दारं-खिडक्या ऑइल पेंटच्या असतील तर ती कोरडी घासू नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नको हा नियम २०१६ चा आणि लागू झाला २०१७ च्या नोव्हेंबरपासून, त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. लहान मूल असेल तर ओला काचपेपर वापरा, फरशी लगेच पुसून घ्या, आणि मुलाला त्या दिवशी आजीकडे पाठवा.

डिस्टेंपर की प्लास्टिक?

मालक पैसे देणार असतील तर ते देतील ते घ्या. तुम्ही देणार असाल आणि दोन वर्षांच्या वर राहणार असाल तर साधं इमल्शन घ्या, ओल्या फडक्याने पुसता येतं. डिस्टेंपर ओल्या फडक्याने जास्त घासलं की फडक्यावर येतं. चकचकीत फिनिश मात्र भाड्याच्या घरात नको, आधीच्या भाडेकरूंचे खिळे, बुजवलेली भोकं, वरखाली झालेली लांबी (म्हणजे पुट्टी), सगळं उघडं पडतं. मॅट फिनिश उणीवा झाकतो.

किचनला कोणता?

धुता येईल तो. रंग कुठलाही घ्या पण शेगडीमागची भिंत फोडणीचं तेल झेलणार आहे हे धरून चाला. आमच्या घरी शेंगाची चटणी खलबत्त्यात कुटतात, तिचं तेल आणि लाल तिखट ओट्याच्या मागे उडतं, आणि पांढऱ्या डिस्टेंपरवर पडलेला तो डाग मी कधीही पूर्ण घालवू शकले नाही. ओटा कडप्प्याचा काळा असेल तर भिंत उजळच ठेवा, फिकट लिंबू किंवा मालदांडी, नाहीतर भाजी चिरताना स्वतःचीच सावली पडते. टाइल कमी उंचीपर्यंत असेल तर तिच्या वर दोन फुटांचा पट्टा धुता येणाऱ्या इमल्शनचा मारून घ्या, बाकी डिस्टेंपर राहू दे.

एक भिंत गडद करायची हौस आहे, करू का?

करा, पण उतरवायचा खर्च आधी धरून. गडद शेड परत पांढरा करायला एक हात प्रायमर आणि वर दोन, कधी तीन हात लागतात. लाल आणि भडक पिवळे तर चढवतानाही जास्त खातात, कारण त्यांच्या बेसमध्ये पांढरं रंगद्रव्य नसल्यासारखंच असतं आणि खालचं दिसत राहतं. गडद भिंत खिडकीच्या समोरची निवडा, जिच्यावर उजेड पडतो. खिडकी जिच्यात आहे ती भिंत गडद केली तर बाहेरचा लख्ख प्रकाश आणि भोवतीचा अंधार, डोळ्यांना त्रास होतो. रंगाचं म्हणाल तर डाळिंबाच्या सालीचा विटकरी-लाल मला फार आवडतो, आपल्याकडचाच रंग आहे, पण पश्चिमेच्या खोलीत नाही.

मालक अजिबात रंग लावू देत नाहीत, खिळाही मारू देत नाहीत. मग काय?

मग तुम्ही सोलापुरात आहात हे विसरू नका. भिंत त्यांची, पण रंग आपल्याकडे विणून मिळतो. सोलापुरी चादर आपण फक्त पांघरतो, पण जॅकार्डवर विणलेली तिची नक्षी आणि तिचे रंग भिंतीवर बघा एकदा. पडद्याचा रॉड आधीपासून असतोच, नसला तर कपाट आणि भिंतीत अडकणारा स्प्रिंगचा रॉड मिळतो, त्यावर चादर सोडायची, एका भिंतीचा प्रश्न मिटला. फक्त वजनदार असते, चिकटवायच्या हुकवर टांगू नका, हुक पडताना डिस्टेंपरचा पापुद्रा घेऊनच पडतो. आणि थेट ऊन पडेल अशा जागी नको, सुती कापडाचा रंग उन्हात उडतो.

मी तर रंगवायची परवानगी असतानाही आधी चादर ठरवते. घरात जी चादर, जे पडदे आहेत त्यातला सगळ्यात फिकट रंग भिंतीला घ्यायचा आणि गडद रंग चादरीवरच राहू द्यायचे. घर बदललं की गडद रंग ट्रंकेत घालून आपल्याबरोबर येतात. पाच घरांत माझी एक निळी-पांढरी चादर हॉलमध्ये आहे, लेकीला तिच्यामुळेच नवीन घर आपलं वाटतं.

चिकटवायचे वॉलपेपर मिळतात ते मात्र जुन्या डिस्टेंपरवर लावू नका, निघताना रंग घेऊन निघतात आणि भुर्दंड आपल्याला.

हॉस्टेलसारखी एकच खोली आहे, तिघं राहतो.

एकच फिकट रंग, छतही त्याच शेडचं किंवा पांढरं, अभ्यासाच्या टेबलासमोरची भिंत मोकळी ठेवा. बाकी पैसे चांगल्या पंख्यावर खर्च करा.

एका खोलीला किती रंग लागतो? पेंटर सांगेल तेवढा आणायचा का?

हिशोब स्वतः करा, अवघड नाही. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट, म्हणजे भिंतींची लांबी ४४ फूट गुणिले १०, ४४० चौरस फूट. दार-खिडकी वजा केली की साधारण ४००. चांगल्या तयार भिंतीवर एक लिटर इमल्शन दोन हातात अंदाजे १२० ते १४० चौरस फूट जातं, म्हणजे तीन लिटरच्या आसपास. चार लिटरचा डबा घेतला तर डागडुजीला उरतो. छत धरलं तर अजून १२० चौरस फूट. भिंत तहानलेली असेल, प्रायमर नसेल तर जास्त लागणार. आणि सगळा रंग एकदाच मिक्स करून घ्या, दुसऱ्या वेळी मिक्स केलेला तोच नंबर किंचित वेगळा येऊ शकतो आणि भिंतीच्या मधोमध तो फरक कळतो.

कधी द्यावा?

दसरा-दिवाळीच्या आधी पेंटर सापडत नाहीत आणि घाईत काम करतात. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत उत्तम, हवा कोरडी, ऊन सोसवेल असं. मेमध्ये द्यायची वेळ आलीच तर सकाळी लवकर काम करायला सांगा आणि पंखा बंद ठेवा, कारण दुपारी रंग रोलरखालीच वाळतो आणि पट्टे उमटतात.

सासूबाई म्हणतात वास्तूप्रमाणे रंग हवेत.

मग त्यांना शेड कार्ड द्या आणि दिशेप्रमाणे रंग त्यांनाच काढायला सांगा, तुम्ही फक्त त्यातला सगळ्यात फिकट शेड घ्या. आमच्याकडे असंच केलं, त्यांचा हिरवा आणि माझा हिरवा एकाच पानावर निघाला. घर सगळ्यांचं आहे, त्यांनी निवडलेल्या रंगाच्या खोलीत त्या जास्त वेळ बसतात हे मी बघितलंय.

घर सोडताना काय करायचं?

आत येताना प्रत्येक भिंतीचे फोटो काढलेले असतील तर अर्धं काम झालंय. नसतील काढले तर निदान पुढच्या घरी विसरू नका, रिकामं घर, दिवसा, सगळे कोपरे आणि आधीचे डागसुद्धा. निघायच्या आठवडाभर आधी खिळ्यांची भोकं लांबीने बुजवा, वाळली की घासून उरलेल्या रंगाचा हात द्या. छोटा ब्रश नको, छोटा रोलर वापरा, ब्रशचं ठिगळ वेगळं दिसतं. मालकांना बोलावून दिवसा उजेडी घर दाखवा, रात्री ट्यूबखाली नको.

आणि उरलेला डबा फेकू नका. झाकण घट्ट लावून त्यावर शेड नंबर, कोणती खोली आणि तारीख मार्करने लिहा आणि माळ्यावर ठेवा. आत्ताच्या घरात आम्ही आलो तेव्हा माळ्यावर असाच एक डबा होता, आधी राहून गेलेल्या कुणीतरी झाकणावर लिहिलं होतं, "बेडरूम, पश्चिम भिंत, दुपारी बघून घेतलाय."